तळ्याचं सुशोभीकरण आणि पाणथळीचं पुनरुज्जीवन

दगडी पिचिंग म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, फरसबंद पायवाट, मधोमध कारंजं, काठाला शोभेची झाडं आणि उद्घाटनाची पाटी. हे काम सुशोभीकरणाचं. लोकांना फिरायला जागा मिळते, कचरा टाकणं कमी होतं, त्यात वाईट काहीच नाही. पण हेच काम पाणथळीचं पुनरुज्जीवन म्हणून मंजूर होतं, तेव्हा जी जागा वाचवायची तीच हातची जाते.

फरक आधी काठावर कळतो. सुशोभित तळ्याला कठडा असतो, अलीकडे जमीन आणि पलीकडे थेट खोल पाणी. पाणथळीला असा ठाम काठ नसतो. पावसाळ्यात पाणी पसरतं, नंतर हळूहळू मागे सरतं आणि ओल्या चिखलाचा, लव्हाळ्याचा, पाणकणसाचा रुंद पट्टा उघडा पडत जातो. सगळी वर्दळ याच पट्ट्यात असते. शेकाट्या या पाणपक्ष्याचे पाय लांब असले तरी त्याला उथळ पाण्यातच चरता येतं. चिखल्या हा छोटा पक्षी तर पाण्याच्या कडेच्या ओल्या मातीवरच धावत किडे टिपतो. कितीतरी मासे पहिल्या पुरात नव्याने बुडालेल्या गवतात अंडी घालतात. पिचिंग झालं की हा पट्टा संपतो. पाणी बारमाही काठोकाठ ठेवलं तरीही संपतो, आणि हे लोकांना पटवणं फार जड जातं. तळं आटलं म्हणजे मेलं, असंच आपण धरून चालतो. अनेक पाणथळींना मात्र उन्हाळ्यात थोडंफार कोरडं पडावंच लागतं, कारण तळाच्या मातीत पडून राहिलेलं बी ती उघडी पडल्यावरच रुजतं.

त्या मातीकडे जरा जवळून पाहा. काठालगत फावड्याने वीतभर उकरलं आणि राखाडी, काळपट मातीत मुळांच्या कडेने गंजासारख्या तांबूस रेघा दिसल्या, तर ती जागा वर्षातला बराच काळ पाण्याखाली असते. भिजलेल्या मातीत प्राणवायू जवळपास नसतो. मुळांतून थोडासा पाझरतो, तेवढ्याच ठिकाणी लोह गंजतं. याच प्राणवायू नसलेल्या थरातले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, म्हणजे पाणी साफ करायचं मोठं काम ही दिसायला घाणेरडी माती करत असते. पोकलेनने सरसकट गाळ उपसला की ही माती जाते, तिच्यातलं बी जातं, काही ठिकाणी पाणी धरून ठेवणारा चिकणमातीचा थरही जातो. बशीसारखा उथळ तळ टाकीसारखा खोल होतो. गाळ कधीच काढू नये असं मी म्हणणार नाही, पण तो येतो कुठून हे आधी शोधायला हवं. वरच्या पाणलोटातून माती वाहत राहिली तर दर काही वर्षांनी पोकलेन परत येणारच.

पुनरुज्जीवनाची सुरुवात पाण्याच्या वाटांपासून होते. ओडिशातल्या चिलिका सरोवराचं समुद्राकडचं मुख गाळाने अडत गेलं, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी कमी झाली. १९९३ मध्ये रामसर कराराखालच्या, म्हणजे पाणथळी जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या, धोक्यातल्या पाणथळींच्या नोंदीत चिलिकाचं नाव लागलं. २००० मध्ये समुद्राकडे नवं मुख खोदलं, खारं आणि गोडं पाणी पुन्हा मिसळू लागलं, मासळी वाढली, आणि २००२ मध्ये ते नाव नोंदीतून निघालं. झाडं लावून हे कधीच झालं नसतं. सांडपाणी रोखणं हेही असंच आधीचं काम. रोपलागवडीचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि पुष्कळदा तिची गरजच पडत नाही.

आता लोकांचं. सुशोभीकरणातला लोकसहभाग म्हणजे बहुधा एका सकाळचं श्रमदान. जलपर्णी काढली, फोटो काढले, घरी गेलो. तिच्या आडव्या खोडाचे तुकडे राहिले आणि सांडपाणी येत राहिलं की ती काही आठवड्यांत पुन्हा पसरते. भागीदारीत लोकांना निर्णयात वाटा असतो, आणि त्यांना ठाऊक असलेलं आराखड्यात उतरतं. ते न उतरल्यास काय होतं ते राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात दिसलं. तिथे १९८२ मध्ये चराई बंद केली. पुढे पास्पालम नावाचं गवत उथळ पाण्यात माजलं आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून कळलं, की म्हशी चरत होत्या म्हणूनच ते गवत आटोक्यात होतं. ज्या गुराख्यांना बाहेर काढलं, तेच पाणथळीची राखण करत होते.

म्हणून एखाद्या योजनेत भागीदारी खरी आहे का, हे मी बैठकीच्या हजेरीवरून ठरवत नाही, लेखी काय ठरलंय ते पाहतो. पाण्याचा दरवाजा कोण उघडणार आणि कधी? उन्हाळ्यातला उपसा कोणत्या पातळीला थांबणार, आणि ती पातळी पट्टीवर रोज कोण वाचणार? गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात घेतलेलं पीक, कुठवर चालेल, अंडी घालायच्या महिन्यांत जाळी बंद राहतील का, गुरं कुठून उतरतील? आणि पाणी पसरल्यामुळे ज्याच्या शेतात ते जास्त दिवस उभं राहील, त्याचं नुकसान कोण भरून देणार? हा शेवटचा प्रश्न सगळेच टाळतात. मग एका रात्री कुणीतरी बांध फोडतो आणि गाव त्याला शत्रू ठरवतं, पण पीक त्याचं बुडत असतं आणि आराखडा करताना त्याला कुणी बोलावलेलं नसतं.