वैज्ञानिक डेटाची वाहतूक आणि सॉफ्टवेअर-नियंत्रित नेटवर्क : पार्श्वभूमी

जिनिव्हाजवळचा कणत्वरक 2008 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचा डेटा मुख्य केंद्रातून मोठ्या आणि तिथून लहान केंद्रांकडे उतरंडीने जाईल असे गृहीत धरले होते. काही वर्षांतच ती उतरंड सैल झाली आणि कोणत्या मार्गावर लोंढा कधी येईल हे सांगता येईना. 2008 मध्येच कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठातून सॉफ्टवेअरने नेटवर्क चालवण्याच्या ओपनफ्लो पद्धतीचा प्रस्ताव आला : पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पुढे पाठवायचे ते स्विच या उपकरणाने, मार्ग ठरवायचा तो कंट्रोलर या स्वतंत्र सॉफ्टवेअरने.

खरा वाद झाला तो मोठ्या प्रवाहांसाठी बँडविड्थ, म्हणजे मार्गाची वहनक्षमता, राखून ठेवावी की नाही यावर. राखीव मार्गाचे समर्थक टीसीपीकडे बोट दाखवत : डेटा पाठवण्याची ही नेहमीची पद्धत पॅकेट गळाले की वेग कमी करते, आणि अंतर जितके लांब तितका तो सावरायला वेळ लागतो. अमेरिकेतील एका संशोधन नेटवर्कमध्ये राउटरचे बिघडलेले कार्ड 22,000 पॅकेटांमागे एक गाळत होते. राउटरने स्वतः त्याची नोंदही केली नाही, जवळच्या अंतरावर फारसे काही जाणवले नाही, पण दूरच्या पल्ल्यावर 10 गिगाबिटच्या लिंकचा वेग पार कोसळला. विरोधकांच्या मते क्षमता वाढवणे स्वस्त होते आणि राखीव मार्ग म्हणजे सिंहस्थात मिरवणुकीसाठी मोकळा ठेवलेला रस्ता, ज्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी ताटकळते. मुख्य तारांपुरते हे पटण्यासारखे होते. मात्र डेटा अडतो तो बहुधा संस्थेच्या दारात, आणि बाहेरच्या कंट्रोलरची सत्ता नेमकी तिथेच संपते.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा डेटा नाशिकमधील एखाद्या विभागाने मागवला, तर अंतर किरकोळ असते. आड येऊ शकते ती संस्थेच्या दारात येणारा-जाणारा डेटा तपासणारी फायरवॉल, कारण ती शेकडो छोटे प्रवाह अनेक संथ प्रोसेसरांत वाटून घेण्यासाठी बांधलेली असते आणि एकच जाडजूड प्रवाह आला की तो सहसा एकाच प्रोसेसरवर पडतो. डेटाचे सर्व्हर फायरवॉलबाहेर, नेटवर्कच्या कडेला ठेवण्याची मांडणी 2010 च्या सुमारास पुढे आली. सुरक्षा सांभाळणाऱ्यांना ती रुचली नाही. त्यांची शंका रास्त असली, तरी राउटरवरील काटेकोर नियमांनी ती बऱ्याच अंशी दूर होते.

पुढे स्विचचे वर्तनच प्रोग्रॅम करण्याची पीफोर भाषा 2014 मध्ये आली आणि ओपनफ्लोचा गाजावाजा ओसरला. फेब्रुवारी 2024 मध्ये सुधारित कणत्वरकासाठी अपेक्षित वेगाच्या 25 टक्क्यांचे लक्ष्य ठेवून डेटा वाहतुकीची जगभर चाचणी झाली. डेटा हलवणाऱ्या सॉफ्टवेअरनेच नेटवर्ककडे मार्ग मागून घेण्याचा प्रयोग तीत मोजक्या केंद्रांपुरता करून पाहिला गेला.