वरचा थर मागे का राहतो: जुन्या मशीनवरच्या क्विल्टिंग फुटांची पार्श्वभूमी

मशीनवर शिवलेल्या क्विल्टमध्ये, म्हणजे थरांच्या गोधडीत, दोन टिपा एकमेकींना छेदतात तिथे वरच्या कापडाची बारीक चुणी पडते. या चुणीचे मूळ 1854 सालात आहे. त्या वर्षी ॲलन विल्सनने चार हालचालींच्या दात्यांचे, म्हणजे सुईखालून कापड सरकवणाऱ्या दातेरी पट्टीचे, पेटंट घेतले. दाते वर येतात, कापड टाकाभर पलीकडे सरकवतात, खाली बसतात आणि परत पुढे येतात. सरकवण्याचे काम सगळे खालून होते. वरचा गुळगुळीत फूट, म्हणजे सुईभोवतीची धातूची पावली, फक्त दाबून धरतो. दोन सुती कापडांना एवढे पुरते. मध्ये बॅटिंग, म्हणजे मऊ भरणीचा थर, आली की खालचा थर दात्यांबरोबर जातो, वरचा फुटाला घासून मागे राहतो आणि टिपेच्या शेवटी जास्तीचे कापड साचते.

यावर मुळातूनच वेगळा उपाय डेव्हिस कंपनीने काढला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाऊन इथल्या या कंपनीच्या ‘व्हर्टिकल फीड’ मशीनला खाली दातेच नसत. सुई कापडात असतानाच ती आणि वरची यंत्रणा मिळून सगळे थर एकदम सरकवत. कल्पना अस्सल होती, तरी घरगुती मशीनचा बाजार दात्यांकडेच गेला.

1877 मध्ये मुख्य पेटंटांची मुदत संपली, मशीन स्वस्त झाली, आणि कंपन्या जोडणीच्या सुट्या भागांवर चढाओढ करू लागल्या. सिंगरची घडीची लाकडी पेटी 1889 च्या पेटंटची. हौशी तिला ‘पझल बॉक्स’ म्हणतात. तिच्यात रफलर (चुण्या घालणारा), टकर (टक घालणारा), बाइंडर (किनारपट्टी लावणारा), हेमर (कड दुमडणारा) यांच्या जोडीला बहुधा ‘क्विल्टर’ही सापडतो: आखूड, पुढून उघडा फूट आणि त्यातून आडवी जाणारी वाकडी दांडी. पहिली रेघ खडूने आखायची, दांडी हव्या अंतरावर सरकवायची आणि पुढची प्रत्येक टीप मारताना दांडी आधीच्या टिपेवरून चालवायची. फूट आखूड असल्याने सुईपुढचे कापड दिसते आणि वळणही घेता येते. थर घसरण्याचा प्रश्न मात्र हा फूट सोडवत नाही. म्हणून आधी दर 10 सेंमीवर पिना किंवा कच्चा धावदोरा, शेजारच्या टिपा एकाच दिशेने, आणि फुटाच्या दांड्यावरचा दाबाचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल.

आज दुकानात ‘वॉकिंग फूट’ मिळतो. त्याची दुबेळकी, म्हणजे दोन टोकांचा काटा, सुई धरणाऱ्या स्क्रूवर बसते. सुई वर-खाली होते तसे फुटाचे वरचे दाते उचलतात आणि खालच्या दात्यांबरोबर कापड सरकवतात. पण हे फूट बहुतेक झिगझॅग मशीनच्या रुंद दात्यांसाठी घडवलेले असतात. जुन्या सरळ टिपेच्या मशीनचे दाते अरुंद आणि जवळजवळ. वरचे दाते त्यांच्यावर न पडता बाजूच्या सपाट प्लेटवर पडले तर पकड बसत नाही आणि टाके लहानमोठे येतात. विकत घेण्याआधी फूट उलटा करून दात्यांमधले अंतर मोजावे. हा त्रास विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत.

त्याआधी फूट ज्यावर कसतात त्या दांड्याची (शँकची) उंची पाहावी. फूट खाली सोडून प्लेटपासून फुटाच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजा. अर्धा ते पाऊण इंच भरले तर ‘लो शँक’, इंचभर किंवा जास्त असेल तर ‘हाय शँक’. सिंगरची 15, 201 आणि 1933 चे 221 ही मॉडेले लो शँक. भारतात घरोघरी दिसणारी काळी उषाही बहुतेक 15 च्याच वळणाची, त्यामुळे तिलाही हेच फूट बसतात. 1952 च्या सिंगर 301 चा दांडा मात्र तिरका, आणि 66 च्या सुरुवातीच्या मशीनवर फूट मागून कसतात. तिथे बाजूने कसायचा फूट बसत नाही. स्क्रू हाताने नव्हे, पेचकसाने आवळावा. थरथरीने तो सैल झाला की फूट सरकतो, सुई त्याच्यावर आपटून तुटते.

तुकडे जोडताना पाव इंची फूट लागतो, म्हणजे सुईपासून फुटाच्या कडेपर्यंत 6.35 मिमी. प्रत्येक शिवणीत 1 मिमी जास्त गेला तर दोन्ही बाजू मिळून 2 मिमी जातात. 10 शिवणींच्या पट्टीत 2 सेंमी कमी.

मशीनच्या क्विल्टिंगला मान मिळायला मात्र फार वेळ लागला. अमेरिकेत स्पर्धांतली बक्षिसे हाताच्या टाक्यालाच जात. 1989 मध्ये केंटकी राज्यातल्या पडुका इथल्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोच्च बक्षीस मिळाले, तेव्हा तो पायंडा मोडला. त्यानंतर मुक्त हाताने नक्षी काढण्यासाठी स्प्रिंगचा रफूचा फूट पुन्हा पेटीबाहेर आला. त्यासाठी दाते निकामी करावे लागतात: 201 आणि 15-91 (15 चाच एक प्रकार) मध्ये बैठकीखालच्या स्क्रूने ते उतरतात, 221 मध्ये उतरत नाहीत, त्यांच्यावर झाकणपट्टी बसवावी लागते. कापड हाताने सरकवायचे असते. हात जोरात आणि मशीन हळू असेल तर टाके लांबतात. सुई कापडात असताना ओढले तर ती वाकते.