फायटोस्टेरॉल : कोंबडीच्या पिल्लांपासून फिनलंडच्या ब्रेडपर्यंत

1951 साली अमेरिकेत पीटरसन नावाच्या संशोधकाने कोंबडीच्या पिल्लांना कोलेस्ट्रॉल मिसळलेलं खाद्य दिलं, पिल्लांच्या रक्तातलं कोलेस्ट्रॉल चढलं, पण त्याच खाद्यात सोयाबीनमधलं स्टेरॉल (वनस्पतींमधला कोलेस्ट्रॉलसारखा पदार्थ, त्यालाच फायटोस्टेरॉल म्हणतात) टाकलं तेव्हा ते तसं चढलंच नाही. दोन वर्षांत पोलॅक नावाच्या संशोधकाने माणसांवर करून बघितलं, तिथेही आकडा खाली आला. म्हणजे कोलेस्ट्रॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या यायच्या तीसेक वर्षं आधीच हे कळलं होतं!

होतं काय, तर वनस्पतींचं स्टेरॉल आणि आपलं कोलेस्ट्रॉल दिसायला सख्खी भावंडं. आतड्यात पित्तामुळे चरबीचे अगदी बारीक पुंजके बनतात, त्यात जागा मोजकीच, ती स्टेरॉलने अडवली की बरंचसं कोलेस्ट्रॉल शोषलं न जाता शौचावाटे निघून जातं. स्टेरॉल स्वतः रक्तात फार कमी शिरतं, कारण आतड्याच्या पेशी त्याला परत बाहेर ढकलतात. हे ढकलणंच जन्मतः बिघडलेल्या दोन बहिणींची केस 1974 मध्ये नोंदली गेली, त्यांच्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांवर, गाठी आल्या होत्या. अशा लोकांनी जादा स्टेरॉल अजिबात घ्यायचं नाही.

मग इतकी वर्षं घोडं अडलं कुठे? एली लिली कंपनीने 1950 च्या दशकातच सायटेलिन नावाचं औषध काढलं होतं, पण स्टेरॉल नुसतं पाण्यात विरघळत नाही आणि तेलातही नीट मिसळत नाही, त्यामुळे दिवसाला कित्येक ग्रॅम घ्यावं लागायचं आणि ते खडूसारखं लागायचं, रोज जेवणाआधी कोण घेणार?

सुटका झाली फिनलंडमध्ये, जिथे हृदयविकाराने माणसं इतकी जात होती की 1972 ला नॉर्थ कारेलियात मोठी मोहीमच काढावी लागली. तिथल्या रायसिओ कंपनीत इंगमार वेस्टरने पाइनच्या लाकडापासून कागदाचा लगदा करताना उरणाऱ्या तेलातलं स्टेरॉल घेऊन त्याचं स्टॅनॉल (स्टेरॉलला हायड्रोजन जोडून होणारं रूप) केलं आणि ते तेलातल्या फॅटी अॅसिडला जोडलं, झालं, ते मार्गारिनमध्ये (लोण्याऐवजी वापरतात ते) मस्त विरघळलं. 1995 मध्ये मिएटिनेन या फिनिश संशोधकाच्या टीमने 153 लोकांवरचा वर्षभराचा निकाल छापला, एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्ट्रॉल) साधारण 14 टक्के कमी, आणि त्याच वर्षी हे मार्गारिन बेनेकॉल नावाने ब्रेडवर लावायला दुकानात आलं.

आता दिवसाला 2 ग्रॅम स्टेरॉल किंवा स्टॅनॉलने एलडीएल साधारण 8 ते 10 टक्के उतरतं असं धरतात. तीळ स्टेरॉलमध्ये वरच्या नंबरात, 100 ग्रॅममध्ये साधारण 400 मिलिग्रॅम, म्हणजे नुसत्या तिळातून 2 ग्रॅम हवं तर अर्धा किलो तीळ खावे लागतील, म्हणून तिळाच्या चटणीच्या भरवशावर कोलेस्ट्रॉलची गोळी बंद करू नका प्लीज. हार्ट अटॅक खरंच टळतात का हे दाखवणारी मोठी ट्रायल तर स्टेरॉलवर अजून झालेलीच नाहीये.