जुना गेमिंग पीसी मंदावलाय? नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे तपासा

२०१६-१७ च्या सुमारास घेतलेले गेमिंग पीसी आजही बऱ्याच घरांत चालू आहेत. साधारण जोडणी अशी: इंटेलचा कोअर आय५-७४०० किंवा एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. असा पीसी अडखळायला लागला की पहिला संशय कार्डवर जातो. पण चिप वयामुळे दरवर्षी थोडी थोडी मंदावत नाही. बदलतं ते तिच्या भोवतालचं: धुळीने बुजलेली हवेची वाट, चिप आणि कूलरच्या मधली सुकलेली थर्मल पेस्ट, गच्च भरलेली डिस्क, पुसली गेलेली बायोसची (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची) सेटिंग. यातल्या बहुतेक गोष्टी कमी खर्चात सुटतात, म्हणून आधी मोजा.

नेमका कधी मंदावतो?

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात तक्रार सांगताना हे सांगितलंत तर निम्मं निदान तिथेच होतं. गेम सुरुवातीला छान चालतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) घसरतात, तर कारण उष्णता. नव्या भागात शिरताना किंवा वळताना क्षणभर अडकतो, तर डिस्क किंवा रॅम. पहिल्या मिनिटापासून संथ असेल, तर सेटिंग, ड्रायव्हर किंवा गेमच पीसीला जड आहे. आणि पीसी मंदावत नाही, थेट बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो, तर आधी पॉवर सप्लाय तपासायला हवा.

मोजणीसाठी एचडब्ल्यूइन्फो आणि जीपीयू-झेड ही दोन मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. ती चालू ठेवून अर्धा तास नेहमीचा गेम खेळा. जीटीएक्स १०६० चा बेस क्लॉक, म्हणजे चिपचा मूळ वेग, १५०६ मेगाहर्ट्झ आहे. गेममध्ये तो एरवी १७०० च्या वर राहतो. तापमान ८३ अंशांच्या आसपास पोचून क्लॉक खाली येत असेल, तर कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतंय. आय५-७४०० हा प्रोसेसर १०० अंशांना तसंच करतो, पण गेममध्ये ८५ च्या वर जात असेल तर तेव्हाच कूलर बघायला हवा.

खोलीचं तापमानही लिहून ठेवा. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश आतले भागही जास्त तापतात. जानेवारीत ७० अंशांवर चालणारं कार्ड नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ८३ ला टेकतं, ते काहीही न बिघडता. कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात ठेवलेला कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. तो बाहेर काढा आणि मागे किमान १५ सेंटिमीटर जागा सोडा.

धूळ आणि पेस्ट

हे काम सर्वांत जास्त फरक पाडतं आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. पीसी बंद करा, केबल काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. मग ब्लोअरने हवा मारा, पण प्रत्येक पंखा बोटाने धरून. मोकळा सोडलेला पंखा हवेने वेड्यासारखा फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने साफ करू नका, त्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

खरी धूळ पंख्यावर दिसते तेवढी नसते. पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांच्या मधे ती नमद्यासारखी बसलेली असते, आणि पंखा सोडवल्याशिवाय निघत नाही. त्याच खोलीत उदबत्ती लागत असेल किंवा स्वयंपाकघर जवळ असेल, तर हा थर चिकट होतो. तो ब्लोअरने जात नाही, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मागच्या बाजूला कार्डच्या स्लॉटची पट्टी निघालेली असेल तर लावून टाका. पाली आणि झुरळं तिथूनच शिरतात.

प्रोसेसरची पेस्ट तीन-चार वर्षांत सुकून कडक होते. रायझनचा कूलर काढताना पीसी आधी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून केबल काढा. कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवा. थंड पेस्ट घट्ट धरते, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा आणि नवी मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी लावा. इंटेलच्या कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा; एक जरी अर्धवट बसली तरी तापमान पहिल्यापेक्षा वाढतं.

ग्राफिक्स कार्ड उघडण्याचं काम मात्र घरी करू नये असं आम्ही आग्रहाने सांगतो. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) अर्धा मिलीमीटर, एक, दीड अशा वेगवेगळ्या जाडीचे असतात. चुकीचा जाड पॅड लावला तर हीटसिंक मुख्य चिपला नीट टेकत नाही. आणि डेस्कटॉपवर असताना कार्डचे पंखे फिरत नसतील तर घाबरू नका, बरीच कार्डं कमी तापमानाला पंखे मुद्दाम थांबवतात.

रॅम, डिस्क आणि एक छोटा सेल

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काही वर्षांनी उतरतो. पीसीची तारीख-वेळ चुकू लागली की समजा. सेल गेला की बायोस मूळ सेटिंगवर जातं, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद होतं आणि ३२०० वेगाची रॅम गुपचूप २१३३ वर चालू लागते. रायझनवर याचा फटका गेममध्ये जाणवतो. सेल बदला, एक्सएमपी परत चालू करा, आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघून खात्री करा. आय५-७४०० आणि बी२५० बोर्डच्या जोडीत मात्र २४०० हीच कमाल मर्यादा आहे, महाग रॅम घेऊन उपयोग नाही.

८ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी घाला: क्षमता दुप्पट होते आणि ड्युअल चॅनलही (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरण्याची सोय) मिळतं. चार स्लॉटच्या बोर्डवर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

गेम अजून हार्ड डिस्कवर असतील तर अडखळण्याचं मूळ तिथे असू शकतं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ किंवा सी५ या ओळींत ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याशिवाय आकडा दिसला, तर बाकी सगळं थांबवून आधी डेटाची प्रत काढा. साटा एसएसडी सुमारे ५५० एमबी प्रतिसेकंद वाचते, हार्ड डिस्क शे-दीडशे. एसएसडीतही १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा.

विंडोजमध्ये काय बघायचं

सफाईनंतर मॉनिटरची केबल चुकून मदरबोर्डला लागली आहे का ते पाहा; आय५-७४०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स असल्याने चित्र दिसतं, पण गेम रांगतो. ड्रायव्हर नव्याने टाकल्यावर १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर आलेला नाही ना, तेही तपासा. गेम बंद असतानाही कार्डचा वापर खूप दिसत असेल, तर क्रॅक केलेल्या गेमबरोबर आलेला मायनर (तुमच्या कार्डवर चोरून क्रिप्टो चलन कमावणारा प्रोग्राम) असण्याची शक्यता मोठी. अशा पीसीवर आम्ही विंडोज नव्याने टाकण्याचाच सल्ला देतो.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आय५-७४०० आणि रायझन ५ १६०० हे दोन्ही विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. एनव्हीडियानेही जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमसाठीचे ‘गेम रेडी’ ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच दिले, आता फक्त सुरक्षा अपडेट येतील.

सगळं ठीक असूनही संथच असेल तर

गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडतंय, जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर. कार्ड कमी पडत असेल तर आधी टेक्स्चर मीडियमवर आणा आणि एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) चालू करून पाहा.

आय५-७४०० चे चार कोअर आणि चारच थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) नव्या गेमना अपुरे पडतात. बी२५० बोर्डवर जुना आय७-७७०० बसतो. आठव्या पिढीचा प्रोसेसर सॉकेट दिसायला तसाच असला तरी चालत नाही. या पीसीत महागडं नवं कार्ड घालायला आम्ही सुचवणार नाही. रायझनवाले सुदैवी आहेत: अनेक बी३५० बोर्डवर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० चालतो. बोर्डचं नेमकं मॉडेल कळवा, आम्ही यादी बघून सांगू. कार्ड घेताना आरएक्स ६५०० एक्सटी टाळा, ते फक्त चार पीसीआय लेन (मदरबोर्डशी जोडणाऱ्या डेटाच्या वाटा) वापरतं आणि जुन्या बोर्डवर मार खातं.

पॉवर सप्लाय कधीही उघडू नका, केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला सप्लाय असेल तर नव्या कार्डआधी तो बदला. १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली जाता कामा नये. हे आम्ही लोड देऊन मल्टिमीटरने मोजतो, सॉफ्टवेअरच्या आकड्यावर विसंबत नाही.

दुकानात फक्त कॅबिनेट आणि पॉवर केबल आणा, मॉनिटर नको. प्रवासात कॅबिनेट आडवा ठेवा, कार्ड वरच्या बाजूला राहील असा, म्हणजे स्लॉटवर ताण येत नाही. महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी काढा आणि अर्ध्या तासाच्या मोजणीचे आकडे कागदावर किंवा फोनमध्ये घेऊन या. बदललेला प्रत्येक जुना भाग तुमचा आहे, तो मागून घ्या.