कोलंबसचे भौगोलिक गैरसमज

ख्रिस्तोफर कोलंबस १४९२ मध्ये अटलांटिकपलीकडच्या बेटांवर पोहोचला, पण आपण आशियाच्या पूर्व किनाऱ्यावर आहोत अशी त्याची समजूत होती. पृथ्वी सपाट मानणाऱ्या पंडितांशी तो भांडला ही शाळकरी कथा खोटी आहे. पृथ्वी गोल आहे हे दोन्ही पक्षांना मान्य होते. वाद अंतराचा होता आणि त्यात पंडितांचेच बरोबर होते.

चूक हिशेबात होती. अल्-फर्गानी या खगोलज्ञाने एका अंशाचे अंतर ५६ पूर्णांक २/३ मैल दिले होते. हे अरबी मैल, रोमन मैलापेक्षा लांब. कोलंबसने ते सुमारे १.४८ किमीच्या रोमन मैलात मोजले, त्यामुळे पृथ्वीचा परीघ ४०,००० किमीऐवजी ३०,००० किमीच्या आसपास आला. दुसरीकडे त्याने आशिया ताणला. प्राचीन भूगोलज्ञ टॉलेमीने ज्ञात भूभागाला पूर्व-पश्चिम १८० अंश दिले होते. कोलंबसने त्याच्याआधीच्या मारिनस या भूगोलज्ञाचे २२५ धरले, मार्को पोलोच्या वर्णनावरून त्यात २८ मिळवले आणि सिपांगो, म्हणजे जपान, त्याच्याही ३० अंश पुढे ठेवला. प्रत्येक वेळी समुद्र अरुंद करणारा आकडाच त्याला पटला. कॅनरी बेटांपासून पश्चिमेकडे जपान त्याच्या मते सुमारे २,४०० सागरी मैलांवर होता. प्रत्यक्षात हे अंतर १०,००० हून अधिक आहे. वाटेत अमेरिका नसती तर तिन्ही जहाजांवरचे पाणी आणि शिधा कधीच संपला असता.

पण ३६ दिवसांत जमीन लागली, तीही साधारण अपेक्षेच्या टप्प्यात. त्यामुळे हिशेब पक्का ठरला आणि पुढचा पुरावा त्यात बसवला जाऊ लागला. हिस्पॅनिओला बेटावरचा ‘सिबाओ’ हा शब्द त्याला सिपांगोसारखा वाटला. नोव्हेंबर १४९२ मध्ये क्यूबात ‘महान खाना’च्या, म्हणजे चीनच्या सम्राटाच्या, शोधात त्याने लुईस दे तोरेस हा दुभाषा पाठवला. त्याला हिब्रू, अरामी आणि थोडी अरबी येत होती. भेटले ते पन्नासेक घरांचे खेडे आणि पानांची गुंडाळी पेटवून धूर ओढणारे लोक. तंबाखूची युरोपीयांनी केलेली ही अगदी सुरुवातीची नोंद.

१२ जून १४९४ रोजी तर त्याने क्यूबा हे बेट नसून आशियाची मुख्य भूमी आहे, अशी शपथ खलाशांकडून घेववली. मोडणाऱ्याला दहा हजार माराव्हेदी (स्पॅनिश नाणी) दंड, शिवाय जीभ छाटणे. बेटाचे पश्चिम टोक तिथून फार लांब नव्हते. तो परत फिरला.

१४९८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील पारियाच्या आखातात समुद्राचे पाणी गोडे लागले. एवढे पाणी बेटावरच्या नदीचे नव्हे, हे त्याने अचूक ओळखले. लगेच मात्र पृथ्वी नासपतीसारखी असून तिच्या उंचवट्यावर बायबलमधले नंदनवन आहे, असे लिहून मोकळा झाला.

‘इंडियन’ आणि ‘वेस्ट इंडीज’ ही नावे याच गैरसमजातून रुजली. तिथल्या तिखट फळाला त्याने तिथले मिरे म्हटले. पोर्तुगीजांमार्फत ते भारतात आल्यावर मराठीनेही मिऱ्यावरूनच त्याला ‘मिरची’ म्हटले.