मिशेल वी : चौदाव्या वर्षीच एवढा गाजावाजा झाला, त्याची पार्श्वभूमी

अमेरिकन गोल्फर मिशेल वीचं नाव निघालं की गोल्फवाले हमखास म्हणतात, "टॅलेंट होतं पण पाहिजे तेवढं झालं नाही". मला हे अर्धवट वाटतं, कारण पाहिजे तेवढं म्हणजे नेमकं किती, हे तिच्या चौदाव्या वर्षीच बाकीच्यांनी ठरवून टाकलेलं.

जन्म 1989 चा, होनोलुलूचा. आईवडील दक्षिण कोरियातून आलेले, वडील हवाई युनिव्हर्सिटीत प्रोफेसर आणि आई कोरियाची माजी अमॅच्युअर चॅम्पियन, म्हणजे गोल्फ घरातच होता. चौथ्या वर्षी हातात क्लब आला. ती आठ वर्षांची होती तेव्हा से री पाकनं 1998 ची यूएस विमेन्स ओपन जिंकली, आणि तिकडे कोरियात मुलींना गोल्फला घालायची लाटच आली. मिशेल मात्र अमेरिकेत, हवाईत वाढत होती. 2003 मध्ये तेराव्या वर्षी तिनं विमेन्स अमॅच्युअर पब्लिक लिंक्स ही हौशी महिला खेळाडूंची स्पर्धा जिंकली, त्यातही बाकीच्या बऱ्याच जणी तिच्यापेक्षा मोठ्या.

मग जानेवारी 2004, सोनी ओपन, म्हणजे पीजीए टूर या पुरुषांच्या प्रो स्पर्धामालिकेतली स्पर्धा. चौदा वर्षांच्या पोरीनं पहिल्या दोन राउंडमध्ये 72 आणि 68 स्ट्रोक (फटके, जितके कमी तितकं चांगलं) मारले आणि कट, म्हणजे पुढच्या राउंडसाठीची पात्रता, फक्त एका स्ट्रोकनं हुकला! इथूनच सगळं सुरू झालं, बाई पुरुषांच्यात कट मारणार का हाच विषय. एकूण आठ वेळा ती पीजीए टूरवर खेळली, कट एकदाही झाला नाही, पण प्रत्येक वेळी कॅमेरे मात्र तिच्याच मागे.

ऑक्टोबर 2005 मध्ये, सोळा पूर्ण व्हायला आठवडा असताना ती प्रो झाली, नायकी आणि सोनी दोघांशी करार, वर्षाला कोटी डॉलरच्या आसपास म्हणून बातम्या. आणि पहिल्याच प्रो स्पर्धेत काय झालं बघा. शनिवारी बॉल झुडपात गेला, तिनं ड्रॉप घेतला, म्हणजे बॉल बाहेर काढून बाजूला टाकला, एका पत्रकाराला तो आधीच्या जागेपेक्षा होलच्या जवळ वाटला पण त्यानं सांगितलं रविवारी. मग राउंड संपल्यावर अधिकारी तिला परत त्या जागी घेऊन गेले, दोरी लावून मोजलं, साधारण फूटभर जवळ निघाला. चौथा नंबर आलेला, तो गेला, डिसक्वालिफाय. नियम तो नियम, पण सोळा वर्षांच्या पोरीला जगासमोर असं उभं करायचं म्हणजे जरा अतीच.

2007 मध्ये मनगटाचं दुखणं. त्याच वर्षी जिन ट्रिब्यूटमध्ये 16 होलनंतर ती 14 ओव्हर (पार म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा 14 जास्त) होती आणि तिथेच तिनं माघार घेतली. एलपीजीए या महिलांच्या प्रो टूरची मेंबर नसलेल्या खेळाडूनं एका राउंडमध्ये 88 किंवा जास्त मारले तर त्या वर्षाच्या उरलेल्या काळात टूरवर बंदी असा नियम होता, त्यामुळे लोकांनी मनगटापेक्षा 88 चीच चर्चा जास्त केली. त्याच वर्षी ती स्टॅनफर्डला गेली आणि 2012 मध्ये डिग्री घेतली, स्पॉन्सरांचे पैसे असताना हे कोण करतं सांगा.

एलपीजीएचं कार्ड, म्हणजे मेंबरशिप, तिनं 2008 च्या शेवटी क्वालिफाइंग स्कूल ही पात्रता स्पर्धा खेळून रीतसर मिळवलं. पहिला विजय 2009 मध्ये मेक्सिकोत, पुढच्या वर्षी कॅनडा, मग मधली काही वर्षं कोरडी. पटिंग करताना (होलजवळ बॉल हळूच ढकलताना) कमरेत 90 अंशात वाकून उभी राहायची त्यावरून केवढी चेष्टा झाली, पण त्याच स्टान्सनं 2014 ची यूएस विमेन्स ओपन आली, पाइनहर्स्ट नंबर 2 या कोर्सवर. शेवटच्या दिवशी 16 व्या होलला बॉल गवताच्या झुपक्यात सापडला, डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त), लीड एका स्ट्रोकवर. पुढच्याच होलला लांबचा पट टाकून बर्डी (पारपेक्षा एक कमी), आणि स्टेसी लुईसला दोन स्ट्रोकनं हरवलं.

शेवटचं टायटल 2018 मध्ये सिंगापूरला, एकूण पाच. त्यानंतर हाताची सर्जरी, 2019 मध्ये लग्न, 2020 मध्ये मुलगी, आणि 2023 च्या पेबल बीचच्या यूएस विमेन्स ओपनला तिनं निरोप घेतला. त्याच वर्षी मिझुहो अमेरिकाज ओपन ही स्पर्धा सुरू झाली, होस्ट मिशेल, तिथे ज्युनियर मुली प्रोंबरोबर त्याच कोर्सवर खेळतात. पहिल्याच वर्षी जिंकली रोझ झँग, तीही स्टॅनफर्डचीच, आणि तीही प्रो म्हणून पहिलीच स्पर्धा खेळत होती.