सीएसआर वेगळं, जबाबदारीने धंदा करणं वेगळं

सांडपाणी कुठे सोडता? कंत्राटी कामगारांचा पगार वेळेवर होतो का? यावर बऱ्याच कंपन्यांत ठरलेलं उत्तर मिळतं: "आमचं सीएसआरचं काम बघा ना!" विचारलं एक, सांगितलं भलतंच. गंमत म्हणजे सांगणारे साहेब बहुतेकदा प्रामाणिक असतात. त्यांच्या डोक्यात दोन्हींची फाईल एकच असते.

सीएसआर (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी) म्हणजे कमावलेल्या नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक आकडा गाठला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के शाळा, आरोग्य, पाणी अशा ठरावीक कामांवर घालायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे तो नफा कसा कमावला. तिथे टक्केवारी नाही. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, रात्रपाळीतही चालू आहे का, ठेकेदाराच्या माणसाला हेल्मेट आणि बूट मिळाले का, छोट्या पुरवठादाराचं बिल किती महिने अडकलंय, असे प्रश्न. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर (धंद्यातली जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल सक्तीचा केला, तो मुख्यतः याचसाठी.

कायद्यानेही दोन्हींची सरमिसळ होऊ दिलेली नाही. कंपनीच्या नेहमीच्या कामकाजाचा भाग असलेला खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या सोयीचाही नाही. म्हणजे शिफ्टची बस, कँटीन, ईटीपीची वीज बाद. तरी "हे सीएसआरमध्ये बसवता येईल का?" हा प्रश्न मीटिंगमध्ये निघतोच.

मॅनेजर मंडळींची कुरकुर अगदीच निराधार नाही. नफ्यावर कर भरायचा, वर हे दोन टक्के. आणि आयकरात हा धंद्याचा खर्च म्हणून वजाही होत नाही. आधी पैसे खर्च झाले नाहीत तर अहवालात कारण देऊन भागायचं. २०२१ पासून तेही गेलं: उरलेली रक्कम सरकारी निधीत भरा, किंवा काम चालू असेल तर वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत संपवा. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की गडबड. बाकं, वॉटर कूलर, आरओ मशीन. लवकर बिल होतं आणि फोटोही चांगला येतो! माझ्या मते इथेच खरी गफलत होते. सीएसआरला कर समजणारा साहेब तो एकदा भरला की जबाबदारीतून मोकळा झाल्यासारखा वागतो. सीएसआर एचआरकडे, फीत कापायला प्लांट हेड, आणि विहिरीच्या पाण्याची तक्रार आली की ती लीगलकडे.

फरक ओळखायचा तर मंदीत बघा. तिन्ही वर्षं तोट्यात गेली की दोन टक्क्यांचा हिशेब शून्यावर येतो आणि सीएसआरची सक्ती उरत नाही. ईटीपी मात्र तोटा आहे म्हणून बंद ठेवता येत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी नफा-तोटा विचारत नाहीत.